आडवा बांबू

भिवंडीत कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात नाका येतोच. कल्याण नाका, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, नदी नाका, राजनोली नाका, मानकोली नाका. नवख्याला वाटतं की या गावात चौकालाच नाका म्हणत असावेत, आणि आता खरंच तसं झालंय. पण नाका ही मुळात अडवायची जागा. माल अडवायचा, जकात घ्यायची, पावती फाडायची, सोडून द्यायचं. माझ्या लहानपणी जकात नाक्यावर रस्त्याच्या कडेला दोन खांबांच्या बेचक्यात एक लांब वासा बसवलेला असे. त्याच्या जाड टोकाला मोठा धोंडा बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की धोंड्याच्या वजनाने वासा वर, ट्रक खालून पसार. दोरी ओढून खुंटाला बांधली की वासा पुन्हा आडवा. वीज नाही, वंगण नाही, बिघडायला काही नाही. मुंबईची जकात वाचवायची म्हणून व्यापाऱ्यांनी मानकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूला गोदामं थाटली, तिथल्या भातशेतीच्या जागी पत्र्याच्या छपरांचं गाव उभं राहिलं. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकातही गेली. वासे त्याआधीच गेले होते. नाके मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिलेत.

मी टेमघरचा. पुण्याकडच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो मुठेवरच्या धरणाचं विचारतो. ते टेमघर मुळशी तालुक्यातलं. आमचं टेमघर कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं. आमच्याकडे धरण नाही, पण पाणी आहे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरला येऊन शुद्ध होतं आणि इथून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. या पाण्याशी माझ्या धंद्याचा एक संबंध आहे, तो पुढे येईल.

धंदा मंडपाचा. वडिलांनी सुरू केला तेव्हा पाटी नव्हती, डेकोरेटर हा शब्दही नव्हता. लग्नाचा मांडव घालणारा, एवढीच ओळख. आगरी माणसाच्या घरची हळद म्हणजे अख्खं गाव आणि वर चार गावं, त्यामुळे मांडवाला कधी मरण नव्हतं. वाडा, शहापूरकडून बांबू यायचे, सुरूच्या बल्ल्या यायच्या, आणि त्यांच्या पाठोपाठ माणसंही यायची. वारली, कातकरी गडी. पाठीला लाकडी आकडी, आकडीत कोयता. पहारीने खड्डा घेणं, बल्ली उभी करणं, पाचर ठोकणं आणि काथ्याने बांधणं या चार कामांत त्यांचा हात कुणी धरत नसे. आम्हाला धंदा शिकवला तो त्यांनी, असं वडील उघड म्हणत. बांबूचीही एक गंमत सांगतो. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडात मोडायचा. म्हणजे आपल्या बांधावरचा बांबू तोडून गाडीत घातला तरी वाहतुकीचा पास हवा, नाहीतर वनखात्याच्या नाक्यावर गाडी उभी. २०१७च्या नोव्हेंबरात कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. जे लाकूड आम्ही लोकांना अडवायला आणत होतो, ते स्वतःच नव्वद वर्षं नाक्यावर अडत होतं.

मांडवाच्या धंद्यातून गर्दीच्या धंद्यात आम्ही शिरलो ते गणपतीमुळे. वऱ्हाळा तलावावर विसर्जन. पोलिसांना काठावर आडोसा हवा, नगरपालिकेला बांबू हवेत, आणि ते आहेत कुणाकडे, तर मांडववाल्याकडे. तेव्हा त्या कामाला बंदोबस्ताचं काम म्हणत. वडिलांच्या वहीत 'आडवे बांबू' असं लिहिलेलं असे, पुढे गाळ्यांचा आकडा. दोन बल्ल्यांमधलं अंतर म्हणजे एक गाळा. साहेब लोक कठडा म्हणत, हवालदार आडकाठी म्हणे, गावातल्या बाया 'ती वई' म्हणत, परड्याभोवती काटक्यांची घालतात ती. बॅरिकेड हा शब्द नंतर सरकारी कागदावरून आला आणि कागदावरून गोडाऊनात येता येता त्याच्या शेवटच्या अक्षराची धार गेली. आम्ही सगळे बॅरिकेट म्हणतो, पोलीसही म्हणतात, आणि कामाला बॅरिकेटिंग.

आता बांधणी. कारण यातलं बरंचसं शहाणपण कुठे लिहिलेलं नाही.

आडवा बांबू बल्लीच्या गर्दीकडच्या अंगाला बांधायचा. नवा पोऱ्या नेहमी उलट बांधतो, कारण आपल्या बाजूने उभं राहून बांधायला ते सोपं पडतं. मग रेटा आला की सगळा भार गाठीवर येतो आणि गाठ ही शेवटी गाठ. बांबू गर्दीच्या अंगाला असला तर रेटा त्याला बल्लीवर दाबतो, बल्ली टेकूवर, टेकू जमिनीवर. गाठीला फक्त बांबू जागेवर ठेवायचं काम उरतं. गाठ मात्र आपल्या बाजूला फिरवून घ्यायची, म्हणजे वेळ आली तर कोयता आपल्या बाजूने चालतो. काथ्या आधी भिजत घालायचा, कोरडा वळत नाही आणि हात सोलतो. भिवंडीत आणखी एक सोय होती. यंत्रमागावरून कापडाच्या काठाच्या पट्ट्या निघतात, त्या किलोवर मिळत. सुती काठाची पट्टी काथ्यापेक्षा मऊ, आणि माणूस घासला तरी कापत नाही. वडील दर्शनाच्या रांगेला काथ्या वापरूच देत नसत, पट्टीच. नायलॉनची दोरी आली तेव्हा ती स्वस्त पडली, पण तिची गाठ घसरते, आणि ओढ बसली की अशी आवळते की सुटायचं नाव नको. मी ती वापरली, सगळे वापरतात. चांगली नाही ती नाहीच.

उंचीचंही तसंच. एक बांबू गुडघ्याला, एक कमरेला, एक छातीला. गळ्याच्या उंचीला बांबू येता कामा नये, आणि गळा कुणाचा हे आधी पाहायचं. मोठ्या माणसाच्या कमरेचा बांबू सात वर्षांच्या पोराच्या गळ्याला येतो. म्हणून वऱ्हाळ्याच्या काठावर आम्ही खालचा आणि मधला यांत अंतर जास्त ठेवायचो, पोर बसून पलीकडे सरकू शकेल एवढं. पोलीस ओरडायचे की अशाने पोरं पाण्याकडे येतील. यायचीच. दोन गडी त्याच कामाला उभे असत, आलेल्या पोराचं बखोट धरून बाजूला बसवायला. विसर्जनाच्या रात्री दहानंतर तिथे चपला आणि पोरं यांचे दोन वेगळे ढीग लागत, आणि पहाटेपर्यंत दोन्हीचे मालक येऊन आपापला माल घेऊन जात.

आणि शेवटची गोष्ट, तोंड. कुठल्याही लांब बांधणीत ठरावीक गाळ्यांनंतर एक गाळा असा सोडायचा की त्याचे बांबू नुसते अडकवलेले, बांधलेले नाहीत. उचलले की निघाले. त्याला आम्ही तोंड म्हणतो. तोंडापाशी माणूस उभा पाहिजे आणि त्याला कुणाला न विचारता ते उघडायची मुभा पाहिजे. वडील आगरीत सांगत, गर्दी आरवाची नाय, वलवाची. अडवायची नाही, वळवायची. हेच मला पुढे पाण्याच्या केंद्रावरच्या एका फिटरने आपल्या भाषेत सांगितलं. मोठ्या पाइपचा व्हॉल्व्ह कधी फटकन बंद करायचा नाही, नाहीतर वाहतं पाणी जागच्या जागी धडक देतं आणि पाइप फुटतो, तोही भलत्याच ठिकाणी, व्हॉल्व्हपासून लांब. गर्दीतही माणूस नुसता बॅरिकेटपाशीच मरतो असं नाही, मागेही मरतो. पुढच्याला काय झालं ते मागच्याला कळत नाही, तो ढकलत राहतो.

भिवंडीचं नाव बाहेर घेतलं की लोकांना गणपती आठवत नाही, दंगल आठवते. ७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक. त्यावर न्यायमूर्ती मादन आयोग बसला, त्याचा अहवाल आजही अभ्यासक उघडतात. मिरवणूक त्यानंतर बरीच वर्षं बंद राहिली, १९८४च्या मे महिन्यात पुन्हा निघाली आणि त्याच महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. आमच्या धंद्याला या दोन्ही सालांनी वेगळंच गिऱ्हाईक दिलं. संचारबंदी उठली की गल्ल्यांतली माणसं बांबू मागायला येत. पोलिसांसारखे गर्दी आवरायला नकोत, आपलीच गल्ली बंद करायला हवेत. तोंडावर दोन बल्ल्या, मध्ये फाटक, रात्री आतून अडसर. हिंदू गल्लीतूनही मागणी, मुसलमान मोहल्ल्यातूनही, आणि दोघांचा बांबू एकाच ढिगातला. वडिलांनी दोघांकडून सारखंच भाडं घेतलं आणि दोघांना सारखंच सांगितलं की फाटक आतल्या बाजूला उघडेल असं बसवू नका, घाईत पळायची वेळ आली तर माणसं त्यावरच कोंडतील.

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. पॉवरलूमवाला, मौलवी, रिक्षावाला, दुकानदार, दोन्ही बाजूंची माणसं आपल्या पोलिसासोबत एका जागी बसवायची, नियमाने, दंगल नसतानाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. याचं श्रेय कुणाला किती, यावर वाद आहेत आणि असू देत. मला धंद्याच्या बाजूने दिसलं ते एवढंच, की त्या वर्षांत मिरवणुकीच्या रस्त्यावर बांबू कमी लागायला लागले. जिथे पूर्वी मशिदीपुढून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग बांधणी असे, तिथे कमिटीची माणसं हातात हात घालून उभी राहू लागली. त्याला कडं करणं म्हणतात. माणसांच्या कड्याला तोंड जागोजागी असतं, कारण प्रत्येक हात सुटू शकतो, आणि समोरचा आपल्या ओळखीचा असतो. माझं भाडं बुडालं, ही तक्रार मी गमतीने करतो.

हातांचं कडं आपल्याकडे नवं नाही. वारीत बांबू नसतो. ज्ञानोबांच्या पालखीची आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. लाखभर माणूस टाळ कुटतोय, आणि तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच केला की टाळ थांबतो. मी वाखरीजवळ बाजीराव विहिरीचं रिंगण पाहिलंय. धंद्याच्या नजरेने पाहिलं, त्याला इलाज नाही. मैदानात गोल मोकळी जागा, भोवती पताकावाले, विणेकरी, तुळशीवाल्या बाया, टाळकरी, त्यांच्या मागे बघे. कुठेही बल्ली रोवलेली नाही, दोर नाही. पुढच्या रांगेतल्याला तिथे उभं राहायचं काम आहे, तो नुसता बघ्या नाही, म्हणून तो मागून आलेला रेटा आपल्या पाठीवर झेलतो. अश्व धावून गेले की मग कडं फुटतं, लोक टापांखालची माती उचलायला आत धावतात, आणि ते फुटणंही ठरलेलंच असतं. कुणाला ते रोखायचंच नसतं.

त्याच पंढरपुरात देवळाच्या दारी मात्र दर्शनबारी. आषाढीला ती देवळापासून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, माणूस रात्र-रात्र उभा राहतो. मुखदर्शनाची रांग वेगळी, पदस्पर्शाची वेगळी. लालबागच्या गणपतीला जशी नवसाची आणि मुखदर्शनाची. रांगा लावायला आपण उत्तम शिकलो. पण देवळाच्या दाराशी बांबू हा शेवटी आला, आधी दुसरीच आडकाठी होती. चोखोबांची समाधी दाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. तिथून आत जायला दलितांना मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना १ मेपासून उपोषण करावं लागलं. नाशिकला २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. देवळाला दरवाजे चार, चारही बंद केले गेले, आणि सत्याग्रही दारांपुढे बसले. तो लढा १९३५पर्यंत चालला. ती गर्दी आवरायची अडचण नव्हती, हे सांगायला नकोच. पण पुढे कुणी मला म्हटलं की बॅरिकेट हे सगळ्यांच्या सोयीसाठी असतं, की मला ते चार दरवाजे आठवतात.

नाशिकच्याच रस्त्यांवर २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात ३९ माणसं चेंगरून गेली. साधूंचं शाहीस्नान आधी व्हायचं म्हणून भाविकांना रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उताराच्या रस्त्यावर बांबूंमागे थांबवलेलं होतं. साधूंनी चांदीची नाणी उधळली, ती उचलायला झुंबड उडाली, अशी बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली. बांबू तुटला असंही आलं. आमच्या धंद्यात त्यावर महिनाभर बोलणं चाललं. काही म्हणाले बांबू हलका होता. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. उतारावर हजारोंना तासन् तास दाबून धरायचं, बाजूला गल्ल्या बंद आणि मागे वाट नाही, अशा जागी लोखंड असतं तर माणसं लोखंडावर चेंगरली असती.

आणि तसं घडलेलंच होतं. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, हिवाळी अधिवेशन. आरक्षणाची मागणी घेऊन आलेला गोवारींचा मोर्चा झिरो माइलजवळ, मॉरिस कॉलेजच्या चौकात पोलिसांनी अडवला. कडेवर पोरं घेतलेल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. दिवसभर ताटकळलेल्या गर्दीत संध्याकाळी लाठीमार आणि पळापळ झाली. ११४ माणसं मेली, बहुतेक बाया आणि मुलं. दाणी आयोग बसला, अहवाल आला, आज तिथे स्मारक आहे आणि शेजारच्या उड्डाणपुलाला गोवारींचं नाव आहे. विधान भवनात कुणाला शिरू द्यायचं नाही हे त्या दिवशी पक्कं ठरलेलं होतं. मागे कुठून जाऊ द्यायचं, हे ठरवणारं कुणी दिसलं नाही.

मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत, उलटा प्रकार. डोंगरावरची निमुळती वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही अंगांना दुकानं, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची वाट एकच. तीनशेच्या आसपास माणसं गेली, दुकानांना आग लागली. त्यानंतर राज्यभर देवस्थानांनी बॅरिकेटिंगची कामं काढली. आमच्या तालुक्यातल्या वज्रेश्वरीलाही मी काम केलंय. ते देऊळ चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेतला नवस फेडायला बांधवलं, किल्ल्यासारखी तटबंदी आणि वर जायला दगडी पायऱ्या. चैत्रात जत्रा. दगडी पायरीवर खड्डा घेता येत नाही, म्हणून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात बल्ली उभी करायची. चढायची आणि उतरायची वाट निराळी काढायची. एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

सिंहस्थ पुन्हा आला २०१५मध्ये. या वेळी नाशिक पोलिसांनी २००३ची धास्ती घेतली होती. रस्तेच्या रस्ते लोखंडाने बंद, गाड्या शहराबाहेर, भाविकाला मैलोन् मैल चालणं. पहिल्या शाहीस्नानाला, २९ ऑगस्टला, गर्दीच कमी झाली, बॅरिकेटिंगच्या अतिरेकावर सगळ्यांनी टीका केली, आणि पुढच्या पर्वण्यांना ते सैल करावं लागलं. मला त्यातला सैल करण्याचा भाग आवडला. चुकलं की उचलता येईल असंच ते असायला हवं. आता २०२७च्या पर्वण्यांची तयारी चाललीय.

बॅरिकेडचं मूळ मला एका वकील गिऱ्हाइकाने सांगितलं. फ्रेंचांचा शब्द, पिंपावरून आलेला. १५८८च्या मे महिन्यात पॅरिसच्या लोकांनी राजाच्या फौजेची वाट अडवायला रस्त्यात माती-दगड भरलेली पिंपं रचली. म्हणजे ती वस्तू गर्दीने सरकारपुढे टाकलेली. आपल्याकडेही ते घडलंय. १९४२च्या ऑगस्टात चिमूरला लोकांनी रस्त्यात झाडं आडवी टाकली, फौज येऊ नये म्हणून. आज रास्ता रोकोला टायर जाळतात. पण शब्द पोलिसांकडे गेला आणि पिवळ्या रंगात रंगून परत आला.

काही अडसर तर लाकडाचेही नसतात. १८९६-९७च्या प्लेगात मुंबईहून सुटलेल्या गाड्या आमच्या शेजारच्या कल्याणला थांबवून उतारूंची तपासणी होई, संशय आला त्याला छावणीत. जमावबंदीचं कलम १४४ आमच्या पिढीला पाठ होतं. १ जुलै २०२४पासून ते नव्या संहितेत १६३ झालं. लोक अजून १४४च म्हणतात. मनाई हुकूम, नाकाबंदी, संचारबंदी, यांना बांबू लागत नाही, कागद लागतो. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये मात्र कागद आणि बांबू दोन्ही लागले. लग्नं बंद, धंदा बसलेला, आणि गोडाऊन मात्र रिकामं झालं. गल्लोगल्ली आडवे बांबू. कंटेनमेंट झोन. गल्लीच्या एका टोकाला बांधायचे आणि दुसऱ्या टोकालाही, तोंड ठेवायचं नाही असा हुकूम. मागावर काम करणारे उत्तरेकडचे कारागीर नाशिक हायवेने चालत निघाले होते, मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची श्रमिक गाडीही सुटली. त्याच दिवसांत एका गल्लीतून रात्री फोन आला, म्हातारीला धाप लागलीय, रिक्षा आत येत नाही. मी आणि पुतण्या कोयता घेऊन गेलो. त्या गल्लीत मी हुकूम मोडून शेवटचा गाळा नुसता अडकवून ठेवला होता, कोयता लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी खाल्ली ती वेगळी.

आता पुतण्या धंदा बघतो. बांबूचा ढीग आक्रसलाय आणि लोखंडी, म्हणजे एमएस बॅरिकेटची थप्पी वाढलीय. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कडीत. उचलायला दोन माणसं, ठेवायला जागा कमी, टिकतं वर्षानुवर्षं, भाडं दुप्पट. वर जाहिरात लावता येते, त्यामुळे कुणीतरी सोन्याचा दुकानदार ती पोलिसांना फुकट देतो. रस्त्यात खड्डा घेतला तर पालिका दंड लावते, तोही प्रश्न मिटला. पुतण्याचं चुकत नाही. मेट्रोचं काम आलं तशी अंजूरफाट्याकडून धामणकर नाक्यापर्यंत उंच पत्र्यांची भिंत आली. तिथून टेमघरपर्यंत मार्ग जमिनीखालून न्यायचं ठरलंय. पत्र्याच्या पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. बांबूतून दिसायचं. पुढे काय झालं ते मागच्याला दिसावं म्हणून आम्ही वर कापड लावायला कधी तयार होत नसू.

एमएसला माझी एकच हरकत आहे. आकड्यात आकडा अडकला की मधलं एक सुटत नाही, टोकापासून सुरुवात करावी लागते. गर्दीचा रेटा वर असला तर आकडा ताणाखाली अडकतो आणि मग तो वर उचलायला दोन पहिलवान लागतात. मी पुतण्याला सांगून काही नग असे बनवून घेतलेत की त्यांना आकड्याऐवजी खिट्टी आहे. ओढली की नग आमच्या बाजूला आडवा पडतो. वेल्डरने नगामागे थोडे जास्त पैसे घेतले. आता निविदा भरताना अडचण अशी की दर रनिंग मीटरने मागतात, आणि फॉर्मात खिट्टीच्या नगाला रकाना नाही, तो उघडायला उभ्या करायच्या माणसाला तर नाहीच. पुतण्या म्हणतो, मग ते नग साध्या दरातच घालू, वरचे पैसे आपल्या खिशातून. माणसाची मजुरी चहापाण्यात लिहू. गेल्या गणपतीपासून आम्ही तसंच लिहितोय, आणि चहापाणी जास्त झालंय म्हणून बिल एकदा परतही आलंय.